जुनं जपानी कापड जमवायचंय? मग आधी ते उलटं करून बघायला शिका

क्योतोला तोजी नावाचं देऊळ आहे, पाच मजली पॅगोडा असलेलं, तिथे दर महिन्याच्या २१ तारखेला बाजार भरतो. लोक त्याला कोबोसान म्हणतात. कोबो दाइशी, म्हणजे जपानात शिंगोन पंथ रुजवणारे कूकाई, ८३५ साली २१ तारखेला गेले, त्यांच्या तिथीची ही जत्रा, आपल्याकडे समाधीच्या तिथीला भरते तशीच. मी पहिल्यांदा गेले ते सकाळी सहाला, कडाक्याच्या थंडीत, आणि एका आजींनी ताडपत्रीवर निळ्या कापडांचा ढीग मांडलेला. त्यातलं वरचं एक उचललं, उलगडलं, निळ्यावर पांढरे बारीक चौकोन, फारच सुंदर, किंमत विचारणार तेवढ्यात आजींनी ते माझ्या हातातून घेतलं, उलटं केलं आणि परत माझ्या हातात दिलं. बोलल्या काहीच नाहीत. उलट्या बाजूने सहा ठिगळं होती, एकावर एक, आणि वरून त्यातलं एकही कळत नव्हतं.

ते कापड मी घेतलं. अजून माझ्याकडे आहे. आणि तेव्हापासून कुठलंही जपानी कापड हातात आलं की मी आधी ते उलटं करते, मग बाकीचं. या लेखात जे काही सांगणार आहे ते बहुतेक सगळं त्या एका सवयीतूनच आलंय.

पुण्यात जपानी शिकणारे इतके आहेत, त्यातले बरेच नोकरीला तिकडे जातात, आणि मग विचारतात की जुनं काहीतरी घ्यायचंय, कुठून सुरुवात करू. माझं उत्तर कायम तेच, कापडापासून. चिनी मातीची भांडी सुंदर असतात पण फुटतात आणि जड असतात, लाखेच्या वस्तूंना आपला मार्च-एप्रिलचा कोरडा उन्हाळा मानवत नाही, लाख तडकते, आणि नेत्सुके वगैरे छोट्या कोरीव वस्तूंमध्ये हस्तिदंत किती असतो ते बघता नवख्या माणसाने त्या वाटेला जाऊच नये (त्याबद्दल खाली सांगते). कापड हलकं, घडी करून बॅगेत बसणारं, आणि मुख्य म्हणजे आपल्या हातांना कापड कळतं. ज्या घरात आजीने जुनेरं जोडून गोधड्या शिवल्या, विरलेल्या लुगड्याला दंड घातले, त्या घरातल्या माणसाला बोरो, म्हणजे ठिगळांवर ठिगळं शिवून पिढ्यान्पिढ्या वापरलेलं कापड, समजवावं लागत नाही.

आधी थोडं बघून घ्या, पैसे नंतर काढा. टोकियोला कोमाबामध्ये निहोन मिंगेइकान आहे, यानागी सोएत्सु यांनी १९३६ साली उघडलेलं. यानागी आणि त्यांचे दोन कुंभार मित्र, हामादा शोजी आणि कावाइ कांजिरो, यांनी १९२५ मध्ये मिंगेइ हा शब्द काढला, म्हणजे लोकांची कला, ज्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत अशा कारागिरांनी रोजच्या वापरासाठी केलेल्या वस्तू. तिथे एक दिवस घालवला की डोळा वेगळाच होऊन बाहेर येतो. ओकायामाकडे गेलात (पुण्याशी त्याचं जुनं नातं, सिंहगड रोडवरची बाग सगळ्यांना माहितीये) तर शेजारीच कुराशिकी आहे, तिथलं मिंगेइकान १९४८ पासूनचं, धान्याच्या जुन्या कोठारांत मांडलेलं. आणि मुंबईत असाल तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात चिनी-जपानी दालन आहे, सर रतन टाटा आणि सर दोराब टाटांच्या संग्रहांतून आलेलं बरंच काही तिथे आहे. तिथे जायचं ते कापडासाठी नाही, पण जपानी हाताचा बारकावा डोळ्यात बसायला ते उत्तम.

पहिली खरेदी चिंध्यांची करा, मनापासून सांगते. जपानीत हागिरे म्हणतात, म्हणजे कापडाचे तुकडे, बाजारात टोपल्या भरून असतात. एकेक तुकडा तळहाताएवढा किंवा हातभर. मी पहिलं वर्षभर फक्त हेच घेतलं, चाळीसेक तुकडे झाले, प्रत्येक पुठ्ठ्यावर नुसता टाचून (चिकटवून नाही, टाक्याने) खाली लिहायचं की काय वाटतंय आणि का. नंतर कळलं की निम्म्या ठिकाणी मी चूक होते. पण ती चूक तुकड्यांवर झाली, अख्ख्या किमोनोवर नाही. शिवाय तुकड्याच्या दोन्ही बाजू मोकळ्या असतात, अस्तर नसतं, धागा सुटा करून बघता येतो, भिंग लावता येतं. शिवलेल्या कपड्यात हे जमत नाही.

आता प्रकार. सगळे सांगत बसत नाही, नवीन माणसाच्या हातात जे येतात तेवढेच.

कासुरी हे माझं पहिलं प्रेम. आपल्याकडे पाटोळा किंवा पोचमपल्ली माहीत असेल तर अर्धं समजलंच, धागा आधी ठिकठिकाणी बांधायचा, मग रंगवायचा, बांधलेली जागा पांढरी राहते, मग मागावर असा विणायचा की पांढरे ठिपके जुळून नक्षी व्हावी. क्यूशूमध्ये कुरुमे गावात इनोउए देन नावाची मुलगी होती, १८०० च्या सुमाराची गोष्ट, वय बारा-तेरा. जुन्या निळ्या कपड्यावर पांढरे डाग पडलेले तिने बघितले आणि ते कापड उसवून धागा कुठे कुठे पांढरा झालाय ते तपासलं, मग तसाच धागा मुद्दाम बांधून रंगवला, विणला. कुरुमे गासुरी तिच्यापासून सुरू झाली असं मानतात आणि १८६९ मध्ये ती गेली तोपर्यंत तिच्या हाताखाली शिकलेल्या कितीतरी बायका ते विणत होत्या. म्हणजे या कलेची सुरुवातच मुळी जुनं कापड उसवून आत बघण्यातून झाली! मला ही गोष्ट फार आवडते.

कुरुमे, इयो आणि बिंगो ही कासुरीची तीन मोठी नावं. पण मला विचाराल तर पश्चिम जपानच्या सानइन किनाऱ्याकडची चित्रांची कासुरी शोधा, युमिगाहामा, हिरोसे, कुरायोशी. यात धाग्यातच अख्खं चित्र उतरवलेलं असतं, बगळ्यासारखा क्रौंच, कासव, पाइन-बांबू-प्लम, धबधबा चढणारा कार्प मासा. बहुतेक लग्नातल्या गादीच्या खोळी असायच्या, चार-पाच पट्टे जोडून केलेल्या. पट्टा अरुंद कारण माग अरुंद, साधारण ३० ते ३८ सेंटिमीटर. हे माप लक्षात ठेवाच. मोठं सलग रुंद कापड आणि वर "जुनी हातमागाची कासुरी" असं लिहिलेलं असेल तर थांबा.

कासुरी ओळखायची कशी, तर उलटी करून. धागाच रंगवलेला असल्याने दोन्ही बाजू सारख्याच गडद दिसतात. छापील नक्कल असेल तर उलटी बाजू फिकट. आणि नक्षीच्या कडा बघा, खऱ्या कासुरीत पांढऱ्याची कड जराशी पिसासारखी विस्कटलेली असते कारण प्रत्येक धागा केसभर इकडेतिकडे सरकतो, छपाईत कड सुरीने कापल्यासारखी सरळ येते.

कातागामी म्हणजे कागदी साचा वापरून भाताच्या पिठाची लापशी कापडावर लावायची, मग निळीत बुडवायचं, लापशी धुतली की तिथे पांढरं. यातलं जुनं चांगलं काम म्हणजे नागाइता चूगाता, लांब फळीवर कापड ताणून आधी एका बाजूला साचा लावायचा, मग कापड पलटून दुसऱ्या बाजूला नेमका त्याच जागी. कल्पना करा, तांदळाच्या दाण्याएवढे ठिपके, बारा मीटर कापड, आणि दोन्ही बाजूंचे ठिपके एकमेकांवर. उजेडासमोर धरलं तर पांढरं आरपार स्वच्छ दिसतं. अशी जुनी युकाता, म्हणजे उन्हाळ्यातला सुती किमोनो, मला एकदा घडीमोड झालेल्या साध्या कपड्यांच्या गठ्ठ्यात मिळाली, वरून काही विशेष वाटत नव्हती, उलटी केली आणि हात थरथरायला लागले.

ते साचेही जमवता येतात, इसे प्रांतातले, सुझुका गावाच्या शिरोको आणि जिके भागातले. वाशी कागदाचे थर पर्सिमनच्या रसाने चिकटवून, धुराने पक्के केलेले, म्हणून तपकिरी. एक उपयोगाची खूण सांगते, नाजूक नक्षीचे भाग एकत्र राहावेत म्हणून पूर्वी दोन कागदांच्या मध्ये रेशमाचे बारीक धागे घालायचे. विसाव्या शतकात त्याऐवजी संपूर्ण साच्यावर रेशमाची जाळी लाखेने चिकटवायला लागले. तेव्हा जाळी दिसली की साचा १९२० च्या आसपासचा किंवा नंतरचा धरा, विकणारा एदो काळातला, म्हणजे १८६८ च्या आधीचा, म्हणत असला तरी. पुण्या-मुंबईच्या हवेत यांना वाळवी आणि कसर दोन्हींची भीती, हे लक्षात घेऊनच घ्या.

त्सुत्सुगाकी हे त्याच लापशीचं, पण साचा नाही, मेंदीच्या कोनासारखा कोन हातात धरून थेट रेघ काढायची. मोठमोठी कुटुंबचिन्हं, क्रौंच, कासवं. रेघ कुठे जाड कुठे बारीक होते, हात कुठे थांबला ते दिसतं. आणि रेघ सगळीकडे एकसारखी, उलटी बाजू कोरी पांढरी, तर ते आजकालचं स्क्रीन प्रिंट.

रेशमात सुरुवात करायची तर मेइसेन घ्या. ताइशो आणि सुरुवातीच्या शोवा काळात, म्हणजे साधारण १९१० ते १९४०, शाळकरी मुली आणि नोकरी करणाऱ्या बायका हे घालायच्या, भडक गुलाबी-जांभळे, मोठमोठी ट्यूलिपची फुलं, वेडेवाकडे चौकोन. इसेसाकी, चिचिबु, आशिकागा, किर्यू, हाचिओजी ही त्याची गावं. ताण्याचे धागे कच्चे विणून त्यांच्यावर साच्याने रंग देत, मग कच्ची वीण सोडून परत पक्कं विणत, म्हणून नक्षीला थरथरती कड येते. याच्याही दोन्ही बाजू सारख्या! एक बाजू उन्हाने उतरली की बायका किमोनो उसवून, पलटून परत शिवायच्या. आत लपलेल्या शिवणीत जुना ताजा रंग सापडतो कधीकधी, आत बोट घालून बघा.

पुरुषांची हाओरी, म्हणजे किमोनोवर घालायचं जाकीट, हा अजून एक चांगला आणि स्वस्त प्रकार, कारण ती बाहेरून साधी काळी असते आणि कुणी फारसं वळून बघत नाही. एदो काळात व्यापाऱ्यांनी भपका करू नये म्हणून सरकारी हुकूम निघायचे, मग हौस गेली अस्तरात. आत वाघ, फुजी, जहाजं, कधी अख्खं निसर्गचित्र. तीच सवय पुढे मेइजी काळात (१८६८ ते १९१२) आणि शोवापर्यंत राहिली. उलटी बाजू बघा म्हणते ती अशी अक्षरशः.

आणि बोरो. याबद्दल जरा सावकाश बोलू, कारण सगळ्यात जास्त फसवणूक इथे आहे आणि सगळ्यात जास्त माया पण इथेच.

उत्तर जपानात, आओमोरीकडे, थंडीमुळे कापूस पिकत नाही. तिथले शेतकरी अंबाडी-तागासारख्या झाडांच्या धाग्याचं कापड घालायचे, वारा आरपार जाणारं. ओसाकाकडून कितामाए जहाजं पश्चिम किनाऱ्याने वर जायची, त्यात दक्षिणेकडच्या शहरांत वापरून जुनं झालेलं सुती कापड असायचं, चिंध्यासुद्धा, आणि उत्तरेत ती चिंधी मोलाची. एकेक चिंधी वरून लावायची, धावदोऱ्याने घट्ट शिवायची, ऊब वाढायची. असं पिढ्यान्पिढ्या. घरातल्या सगळ्यांनी एकत्र झोपायचं पांघरूण, आजीपासून नातवापर्यंत ठिगळं जोडत आलेलं. धावदोऱ्याच्या या भरण्यालाच साशिको म्हणतात. आओमोरीच्या पश्चिमेकडच्या त्सुगारूमध्ये त्यातून कोगिन झालं, निळ्या कापडावर पांढरा सुती दोरा, धागे मोजून, आणि ते मोजणं विषम, एक, तीन, पाच, सात. शेजारच्या नाम्बूमध्ये हिशिझाशी, तिथे मोजणं सम. भिंग घेऊन धागे मोजा, गाव कळतं. मला यापेक्षा आनंदाची गोष्ट फार थोडी माहीत आहे.

तानाका चूझाबुरो म्हणून एक गृहस्थ होते आओमोरीत, ते आयुष्यभर गावोगाव पायी फिरून हे कपडे गोळा करत राहिले, लोक ते लाजून लपवून ठेवायचे किंवा जाळायचे त्या काळात. त्यांच्यामुळे आज आपल्याला हे बघायला मिळतंय. पुढे जगभरात बोरोला मागणी आली, किमती वाढल्या आणि मग नवीन "जुनं बोरो" तयार व्हायला लागलं, खऱ्या जुन्या चिंध्या घेऊन आज शिवलेलं. चिंधी खरी असते, वय खरं असतं, फक्त गोधडी खोटी.

कसं ओळखायचं. ठिगळ कुठे आहे बघा, गुडघा, कोपर, खांदा, बसायची जागा, जिथे कापड खरंच विरतं तिथेच असायला हवं, नुसतं दिसायला छान म्हणून मध्यभागी नाही. ठिगळाची कड हळूच उचला, खालचं कापड झाकलेलं होतं म्हणजे त्याचा रंग आजूबाजूपेक्षा गडद राहिलेला असणार, आणि नसेल तर ठिगळ नवीन. दोऱ्याकडे बघा, जुना दोराही आजूबाजूच्या कापडाबरोबर झिजतो, काही टाके तुटलेले असतात, त्यावर दुसऱ्या रंगाच्या दोऱ्याने परत घातलेले असतात, दोन-तीन वेगवेगळे हात दिसतात. सगळे टाके सारखे आणि सगळे शाबूत म्हणजे एकाच हाताने एकाच आठवड्यात केलेलं. माझ्याकडे असं एक आहे, एका दुकानातून चांगले पैसे मोजून घेतलेलं, घरी आल्यावर कड उचलली तेव्हा कळलं. दुकानातच उचलायला हवी होती. ते मी टाकलेलं नाही, शिकवायला वापरते, खऱ्याच्या शेजारी ठेवलं की दोन मिनिटांत फरक समजतो.

वय ठरवायच्या अजून काही खुणा. धागा हाताने कातलेला असेल तर जाड-बारीक होत जातो, गिरणीचा असेल तर एकसारखा. जपानात मोठी सूतगिरणी ओसाकाला १८८३ मध्ये सुरू झाली, त्यानंतर गिरणीचं सूत झपाट्याने पसरलं. इथे आपला संबंध येतो बरं का, या गिरण्यांना कापूस हिंदुस्थानातून लागायचा आणि १८९३ मध्ये निप्पोन युसेन कंपनीने जमशेटजी टाटांबरोबर मुंबई ते कोबे अशी बोट सुरू केली ती त्याच कापसासाठी. म्हणजे मेइजी काळाच्या शेवटच्या एखाद्या साध्या निळ्या कापडात विदर्भ-खानदेशचा कापूस असू शकतो. सिद्ध करता येत नाही, पण हातात धरलं की मनात येतंच.

बायकांच्या किमोनोला आत वर लाल रेशमी अस्तर असेल तर बहुतेक दुसऱ्या महायुद्धाआधीचा, नंतर अस्तर पांढरं झालं. बाह्यांची लांबी बघा, युद्धानंतर ती साधारण ४९ सेंटिमीटरवर स्थिरावली, आधीच्या काळात ६० च्या वरही असते. नीळ नैसर्गिक की रासायनिक हे मात्र डोळ्यांनी ठरवायला जाऊ नका, रंगाचा रेणू तोच असतो, आणि "अस्सल आवा प्रांताची नीळ" म्हणून कुणी दुप्पट पैसे मागितले तर ते वाक्य सोडून द्या आणि वीण बघून भाव ठरवा.

सारासा हा शब्द ऐकलात तर कान टवकारा. हे आपलं कापड. कोरोमंडल आणि गुजरातचं छापील, रंगवलेलं सुती, पोर्तुगीज आणि डच जहाजांतून जपानला गेलं आणि तिथे चहाच्या समारंभातल्या लोकांनी त्याच्या वीतभर तुकड्यांच्या पिशव्या करून त्यात चहाच्या डब्या ठेवल्या, पिढ्यान्पिढ्या जपल्या. हिकोनेच्या इइ या सरदार घराण्याने जमवलेले साडेचारशेच्या आसपास तुकडे टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. पट्ट्यांच्या कापडांची नावंही बघा, सान्तोमे म्हणजे मद्रासजवळच्या सान थोमेवरून, बेंगारा म्हणजे बंगालवरून, आणि चाउ-जिमा, पातळ रेशमी पट्ट्याचं कापड, सामुराईंच्या हाकामासाठी, म्हणजे घोळदार विजारीसाठी, वापरायचे, ते चौलवरून. होय, आपलं रेवदंड्याजवळचं चौल! पुढे ते क्योतोतच विणायला लागले पण नाव चौलचंच राहिलं. रेवदंड्याला गेलं की पोर्तुगीज तटबंदी बघून लोक परत येतात, मला तिथे उभं राहिलं की क्योतोतला एखादा विणकर आठवतो ज्याने चौल कधी बघितलं नाही.

खरेदी कुठे. क्योतोला २१ तारखेचं कोबोसान आणि २५ तारखेचं कितानो तेनमानगू देवळातलं तेनजिनसान, दोन्ही जमतील अशी ट्रिप आखा. डिसेंबरमधले दोन्ही वर्षाखेरचे बाजार सगळ्यात मोठे, पण गर्दी इतकी की शांतपणे उलटंसुलटं करून बघायला मिळत नाही, मी फेब्रुवारी किंवा जून सुचवेन. टोकियोला इंटरनॅशनल फोरमच्या अंगणात पहिल्या आणि तिसऱ्या रविवारी ओएदो बाजार असतो, तारीख निघायच्या आधी तपासा. सेतागायाचा बोरोइची १५-१६ डिसेंबर आणि १५-१६ जानेवारीला, तो १५७८ पासूनचा, आणि नावच मुळी चिंध्यांवरून पडलेलं.

रोख पैसे ठेवा, सुटे. हात लावायच्या आधी विचारा, "सावात्ते मो ईइ देस का", एवढं एक वाक्य बोललात की विकणाऱ्याचा चेहरा बदलतो. घासाघीस आपल्या तुळशीबागेसारखी करू नका. दोन-तीन वस्तू एकत्र धरून "मोओ सुकोशी यासुकु नारिमास का" म्हणजे थोडं कमी होईल का, असं एकदाच हळू आवाजात विचारायचं, जे उत्तर येईल ते घ्यायचं. आणि विचारा की हे कुठल्या घरातून आलं. बऱ्याच जणांना माहीत असतं आणि सांगायला आवडतं. ते तिथेच लिहून घ्या.

घरबसल्या घ्यायचं तर याहू ऑक्शन आणि मेरकारी, पण त्यासाठी मध्ये बायी किंवा झेनमार्केटसारखी सेवा लागते जी तुमच्या वतीने घेऊन पाठवते. वर्णनातले शब्द शिका, कोफु म्हणजे जुनं कापड, शिमी म्हणजे डाग, याके म्हणजे उन्हाने उतरलेलं, मुशिकुइ म्हणजे किड्याने खाल्लेलं, आना म्हणजे भोक, शित्सुके म्हणजे कच्चा टाका, आणि तो अजून तसाच असेल तर कपडा शिवून आल्यापासून घातलेला नाही. उलट्या बाजूचा फोटो नसेल तर मागा. नाही दिला तर सोडून द्या, कितीही मन ओढलं तरी.

भारतात आणताना. हस्तिदंत आणि कासवाच्या पाठीचे कंगवे-पिना अजिबात नको, सुंदर असतात, केसांच्या दागिन्यांत हमखास दिसतात, पण वन्यजीवांच्या कायद्यात अडकाल. पार्सलवर नुसतं "वापरलेले कपडे" असं लिहून आलं तर अडकू शकतं कारण जुन्या कपड्यांच्या आयातीवर आपल्याकडे निर्बंध आहेत, शंभर वर्षांपेक्षा जुन्या वस्तूंचा कस्टम्समध्ये वेगळा क्रमांक आहे, ९७०६, पण त्यासाठी वयाचा पुरावा म्हणून बिलावर नीट वर्णन हवं. ड्युटीचे दर बदलत राहतात, मागवायच्या आधी बघून घ्या. मी शक्यतो स्वतःच्या बॅगेतूनच आणते. आणि १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षं झालेली कलाकुसरीची वस्तू पुरावस्तू धरली जाते, तेव्हा पुढेमागे परदेशी राहायला जायचा विचार असेल तर फार जुनी वस्तू इथे आणण्याआधीच त्याची चौकशी करून ठेवा.

घरी आल्यावर पहिलं काम धुणं नाही! चिरिमेन म्हणजे सुरकुत्यांचं रेशीम पाण्यात टाकलं की आक्रसून लहान मुलाच्या झबल्याएवढं होतं, आणि जुन्या लाल अस्तराचा करडईचा रंग ओला झाला की शेजारच्या कापडावर उतरतो. फक्त सुती निळं कापड धुता येतं, तेही आधी पांढऱ्या ओल्या फडक्याने कोपरा दाबून बघून. बाकीचं सावलीत, वाऱ्यावर, दोन दिवस. वास राहतोच थोडा, राहू दे. किड्याची शंका असेल तर पिशवीत हवाबंद करून फ्रीजरमध्ये दोन आठवडे, बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, दिवसभर तशीच ठेवायची नाहीतर दव धरतं.

जपानात किमोनो कागदी घड्यांमध्ये गुंडाळून किरी नावाच्या झाडाच्या हलक्या लाकडाच्या कपाटात ठेवतात आणि वर्षातून एकदोनदा बाहेर काढून हवा देतात, मुशिबोशी म्हणतात त्याला. आपल्याकडे किरीचं लाकूड नाही, पण धुतलेलं, खळ काढलेलं मांजरपाट किंवा मलमल उत्तम, पैठणी ठेवतो तशीच. प्लास्टिकची पिशवी नको, कोकणात तर अजिबातच नको, एका पावसाळ्यात बुरशी. डांबरगोळ्या आणि कापूर एकत्र कधीच ठेवू नका, दोन्ही मिळून वितळतात आणि डाग पडतो तो जात नाही. जरीचं ओबी, म्हणजे किमोनोवरचा रुंद कमरपट्टा, असेल तर डांबरगोळीही नको आणि रबरबँडही नको, जर काळी पडते. मी लवंग आणि वेखंडाची पुरचुंडी कपाटाच्या कोपऱ्यात ठेवते, कापडाला न लागेल अशी. मुख्य हवा देणं दसऱ्यानंतर, पाऊस पूर्ण गेल्यावर, ढगाळ नसलेल्या दिवशी घरातल्या घरात, ऊन न लागू देता. तेव्हा घड्याही बदलायच्या, एकाच रेषेवर घडी राहिली तर रेशीम तिथेच चिरतं. काळं आणि गडद तपकिरी आधी तपासा, लोहाच्या क्षारांनी केलेले ते रंग कापड आतून खातात.

भिंतीवर लावायचं असेल तर बाह्यांतून बांबू घालून लावा, खिळा ठोकू नका, आणि दोन-तीन महिन्यांनी उतरवून दुसरं लावा. खिडकीसमोरची भिंत नको.

आणि प्रत्येक कापडाला एक पट्टी, साध्या सुती फितीवर पेन्सिलने तारीख, जागा, किंमत, कुणाच्या घरातलं ते कळलं असेल तर ते. ती फीत दोन सैल टाक्यांनी उलट्या बाजूला लावायची. तोजीच्या त्या आजींच्या कापडाला लावलेल्या फितीवर माझ्याकडून फक्त २१ तारीख आणि आठशे येन एवढंच लिहिलं गेलं, कुठल्या गावचं ते त्या दिवशी विचारायचं मला सुचलंच नाही.